शकूचं शेवटचं प्रकरण

जळगावच्या बसस्टँडवर कंट्रोलर असलेला उखर्डू तोताराम पाटील फावल्या वेळात किशोरवयीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहीत असे. डेपोतल्या लोकांचं म्हणणं जरा वेगळं होतं. त्यांच्या मते तो कादंबऱ्या लिहीत असे आणि फावल्या वेळात गाड्या पुकारत असे. औरंगाबाद गाडी फलाटाला लागली आहे, भुसावळची अजून यायची आहे, एवढ्या सवडीत त्याच्या कादंबरीतली पोरं तस्करांची एखादी होडी पकडून मोकळी होत.

समुद्र उखर्डूने पाहिलेला नव्हता. पारोळ्याकडच्या खेड्यात वाढलेला माणूस, त्याने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरात आलेली तापी, तीही गाडीच्या खिडकीतून. पण त्याच्या कादंबऱ्यांतला अजिंक्य, त्याचा मित्र सौमित्र आणि अजिंक्यची बहीण मृण्मयी ही तिघं कायम समुद्रावर असत. सोबत ब्रूनो नावाचा कुत्रा. संध्याकाळी बंगल्यावर परतल्यावर तिघं कोकोचा आस्वाद घेत. कोको पातळ असतो की घट्ट हे उखर्डूला पक्कं माहीत नसल्यामुळे तो 'आस्वाद घेतला' याच्या पुढे कधी गेला नाही.

ही पुस्तकं पुण्याहून निघत. पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकांनी फोनवर अडचण सांगितली होती, की उखर्डू नावाच्या लेखकाचं पुस्तक कोणतीही आई मुलाला वाढदिवसाला देणार नाही. उखर्डूने समजावून सांगितलं, की आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून मायने त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि तेच नाव ठेवलं. प्रकाशक हेलावले. म्हणाले, "भावना पोचल्या. उत्पल कसं वाटतं?"

तेव्हापासून तो कव्हरवर उत्पल पाटील झाला. स्टँडवर मात्र उखर्डूभाऊच राहिला.

एकोणनव्वद साल असावं. दुपारची वेळ होती, गाड्या उशिरा होत्या, आणि केबिनच्या खिडकीखालच्या बाकड्यावर कॉलेजच्या मुली पहूरच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. त्यातली एक मोठ्याने पुस्तक वाचत होती. उखर्डूने कान दिला आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुस्तक त्याचंच होतं.

"'मृण्मयीने टपोऱ्या डोळ्यांनी क्षितिजाकडे पाहिले,'" मुलगी वाचत होती, "'आणि मंद स्मित केले.'"

"मंद स्मित म्हणजे कसं गं?" दुसरीने विचारलं.

वाचणारीने करून दाखवलं.

"दात दुखून राहिले का तुझे?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मग वाचणारी म्हणाली, "ही पोरगी चार दिवस झाले घराबाहेर आहे. हिच्या मायने हिला एकदा हाक मारली नाही. माझी माय मी हौदावर गेले तरी तीनदा ओरडते."

"आणि चार दिवस त्या समुद्रावर ती परसाकडे कुठं जाते?"

आता त्या इतक्या हसल्या की एकीची ओढणी घसरून खाली शेंगदाण्याच्या टरफलांत पडली. उखर्डूच्या डोक्यात सणक गेली. तो माईककडे तोंड करून बसलेला होता आणि माईक बंद करायला बटण वर केलं तरी कधीकधी खालीच अडकत असे.

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला.

हा प्रश्न साऱ्या स्टँडभर घुमला. शेंगदाणेवाल्याने पुढे केलेली पुडी मागे घेतली. चोपड्याच्या गाडीत सीटवरून भांडणारी दोन माणसं मुकाट बसली. फलाटावर ताकाचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या ड्रायव्हरने इकडेतिकडे बघत मिशी पुसली. सगळा स्टँड कधी नव्हे तो गंभीर झाला. उखर्डूला काय झालं ते जरा उशिरा कळलं. त्याने घाईघाईने न आलेली भुसावळ गाडी आली म्हणून पुकारली, आणि माणसं गाठोडी उचलून रिकाम्या फलाटाकडे धावली.

चौकशीच्या खिडकीवर छगन नावाचा कारकून बसायचा. असली बातमी त्याच्या पोटात राहणं शक्यच नव्हतं. त्याने मुलींना बोलावून सांगितलं, की तुम्ही ज्या पुस्तकावर हसलात त्याचे लेखक वर केबिनमध्ये बसले आहेत.

घरी आल्यावर उखर्डू जेवला नाही. बायको मंदाबाई ताट वाढून बसली होती. ती धुळ्याची, गिरणीवालीची मुलगी. बोलण्यात पीठ बारीक दळणारी.

"पोरी विचारत होत्या, मृण्मयी परसाकडे कुठं जाते," तो कसाबसा म्हणाला.

"मला दुसऱ्या पुस्तकापासून तो प्रश्न आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं? आणि तो कोको. रोज पितात मेले, कप एकदाही कोणी विसळत नाही."

उखर्डू भिंतीकडे तोंड करून झोपला. पण रुसायला माणूस समोर लागतो, आणि मंदाबाई तर भांडी घासायला निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती वाचणारी मुलगी केबिनच्या दारात आली. कोकिळा वना महाजन, पहूरची, अकरावी कॉमर्स. वेणी घट्ट, कपाळावर दोन मुरमं, हातात वह्या.

"भाऊ, माफ करा," ती म्हणाली. "लेखक इथं बसलेला असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आम्हाला वाटलं लेखक मेलेला असतो."

"का म्हणून?"

"पाठ्यपुस्तकात सगळ्यांच्या नावाखाली कंसात दोन सालं असतात."

उखर्डूने तिला स्टुलावर बसायला सांगितलं आणि मनावर दगड ठेवून विचारलं, की पुस्तकात आणखी काय काय चुकलं आहे. कोकिळेने वह्या मांडीवर ठेवल्या.

"चुकलं असं नाही. पण एकदा तरी कोणाला मुरूम येऊ द्या. आणि ती तिघं कधी एकमेकांवर जळत नाहीत. आमच्या गाडीत खिडकीच्या सीटवरून दोन मैत्रिणी महिनाभर बोलत नव्हत्या. तस्कर कशाला पाहिजे?"

तिची गाडी लागली आणि ती गेली. उखर्डू मात्र त्या दिवसापासून कामाला लागला.

इतकी वर्षं ज्या पोरांसाठी आपण लिहितो ती पोरं पास घेऊन रोज खिडकीखाली उभी असतात, आणि आपण कान बंद करून समुद्र बघत बसतो, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं. आता तो ऐकू लागला. पोरं परीक्षेबद्दल फारसं बोलत नव्हती. पैलवानासारखे दंड कसे होतील, व्हिडिओ पार्लरमध्ये मागच्या दाराने कसं शिरता येतं, कोणत्या सरांच्या तासाला झोपता येतं, याबद्दल बोलत. एका पोराने एका पोरीला एक शब्द न बोलता वर्षभर खिडकीची जागा धरून दिली होती, आणि ती पोरगी त्याला 'तो रुमालवाला' यापलीकडे ओळखत नव्हती. पोरी आपल्याहून मोठ्या बहिणींच्या संसाराबद्दल बोलत, आणि बोलता बोलता आवाज खाली येई.

जवळून ऐकावं म्हणून एका सुट्टीच्या दिवशी उखर्डू साध्या कपड्यांत, काळा गॉगल लावून कॅन्टीनमध्ये मुलींच्या शेजारच्या टेबलावर बसला. त्याचा फटका दुसऱ्या दिवशी बसला. नंदुरबारकडच्या कोणा लग्नाच्या मुलाचा काका पोरी बघत फिरतो आहे अशी हूल उठली, आणि एका मुलीचा बाप टोपी हातात घेऊन चौकशीच्या खिडकीवर आला. छगनने त्याला सरळ वर पाठवलं. उखर्डूला त्या भल्या माणसाला चहा पाजावा लागला आणि मुलाचं लग्न आधीच ठरलं आहे असं खोटं सांगावं लागलं.

"काय करतो मुलगा?" बापाने जाता जाता विचारलं.

"तस्कर पकडतो," उखर्डू म्हणाला. तोंडात तेच बसलं होतं.

वर्षभरात त्याने नवी कादंबरी लिहिली. नायिका शकुंतला, म्हणजे शकू. खेड्यातली, पासावर कॉलेजात येणारी. बाप तिचा पास बंद करतो, लग्न ठरवतो, आणि शकू एका सकाळी कॉलेजच्या गाडीऐवजी धुळ्याच्या गाडीत बसून मामाकडे निघून जाते, नर्सिंगला प्रवेश घेते. मंदाबाई हस्तलिखित वाचून पेन्सिलीने रेघा मारी. मंद स्मित दिसलं की काट. डोळे टपोरे दिसले की काट. शकूला मुरमं होती, ती खोटं बोलायची, मैत्रिणीची शाई चोरायची. आणि हो, ती परसाकडेही जायची, एकटी नाही, चार जणींबरोबर, आणि तिथल्या गप्पांचं प्रकरण पुस्तकातलं सगळ्यात चांगलं होतं.

शकूला मामाचं घर द्यायची वेळ आली तेव्हा उखर्डू अडला. कल्पनेने घरं उभी करायला जावं तर ती सगळी समुद्राकाठी निघत. शेवटी त्याने सासुरवाडी जशीच्या तशी उचलली. धुळ्याची सातवी गल्ली, हिरवा दरवाजा, खाली पिठाची गिरणी, भिंतीवर ठळक अक्षरांत 'येथे मिरची दळली जाणार नाही'. सासूबाई भिकुबाई मात्र थोड्या बदलल्या. पुस्तकातली आजी दारात आलेल्या पोरीला काही एक न विचारता पाण्याचा तांब्या देते.

मंदाबाई तिथं थांबली. "माझी आई? काही न विचारता?"

"कादंबरी आहे ती."

"मग असू दे."

पुस्तकाचं नाव त्याने 'मासिक पास' ठेवलं होतं. पुण्याहून फोन आला. "उत्पलराव, मुलींच्या पुस्तकावर 'मासिक' हा शब्द?"

"अहो, एसटीचा पास मासिकच असतो."

"ते तुम्हाला माहीत. शाळांच्या ग्रंथालयांना काय सांगू? आणि शेवट. मुलगी घरातून जाते ती परत येतच नाही. पुस्तक विकत घेतात आईबाप. त्यांनी पदरमोड करून पोरीला पळायला शिकवायचं का?"

उखर्डूने दोन दिवस नकार दिला. तिसऱ्या दिवशी एका बैठकीत आणखी एक प्रकरण लिहिलं. संक्रांतीच्या दिवशी शकू परत येते, बापाचे पाय धरते, अश्रूंनी पाय भिजतात, बाप तिच्या डोक्यावर हात ठेवून संस्कारांवर एक पानभर बोलतो. मंदाबाईने ते प्रकरण वाचायला साफ नकार दिला. प्रकाशकांना ते इतकं आवडलं की पुस्तकाचं नाव त्यांनी 'शकू परत आली' असं ठेवलं. म्हणजे कव्हर वाचलं की शेवट कळे, आणि आईबापांना धास्ती उरत नसे.

पुस्तक आलं तेव्हा कोकिळा बारावीत होती. तिने बाकड्यावर बसून दोन दिवसांत ते संपवलं आणि खिडकीच्या जाळीशी आली.

"शकू म्हणजे मी का?"

"सगळ्या मिळून आहात."

"मी एवढी रडत नाही," ती म्हणाली. मग जाळीशी आणखी पुढे होऊन, "ती गल्ली खरी आहे का भाऊ?"

"खरी आहे. माझी सासुरवाडी." लेखकाला असं कोणी विचारलं की तो फुलतोच. उखर्डूने गिरणीचं जातं किती जुनं आहे इथपर्यंत सांगितलं.

दिवाळीनंतर कोकिळा स्टँडवर दिसेनाशी झाली. मैत्रिणींकडून कळलं, की सुरतेचा मुलगा सांगून आला आहे, बापाने पास बंद केला, आता परीक्षेचंही काही खरं नाही. उखर्डूला वाईट वाटलं. शकूसाठी त्याने अख्खी कादंबरी खर्ची घातली होती. कोकिळेसाठी त्याने एक सुस्कारा टाकला आणि चोपड्याची गाडी पुकारली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी केबिनच्या दारात एक उंच, वाळलेला माणूस उभा राहिला. डोक्यावर टोपी, हातात 'शकू परत आली'. मागे नाकात नथ, कमरेवर हात अशी एक बाई.

"हे पुस्तक तुम्हीच लिव्हलं का?"

"हो. आपण?"

"मी वना महाजन. पहूर. कोकिळेचा बाप." त्याने मागे मान वळवली. "ही माही बहीण, झुंबरबाई."

"त्यात म्हणे आत्या आहे एक, चामखीळवाली," झुंबरबाई म्हणाली. पुस्तक तिने वाचलं नव्हतं, पण तिच्या हनुवटीवर चामखीळ होती आणि तिला गावाने पुरेशी माहिती दिली होती.

उखर्डूने दोघांना बसवलं. स्टूल एकच होतं, ते झुंबरबाईने घेतलं. वना नाना उभाच राहिला. झालं असं होतं, की कोकिळा आठवड्यापूर्वी घरातून गेली. भांडण नाही, रडारड नाही. खाटेवर हे पुस्तक ठेवलं आणि गेली. गावात त्यांनी मामाकडे गेली म्हणून सांगितलं.

"मी जन्मात पुस्तक वाचलं नव्हतं," वना नाना म्हणाला. "हे वाचलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. म्हटलं पोरीने ठेवलं त्या अर्थी यातच असंल काहीतरी. शेवटी ते सापडलं. ती संक्रांतीले परत येते."

"हो," उखर्डू पुटपुटला.

"म्हणून मी पोलिसात गेलो नाही. काल सकाळपासून दारात बसून होतो. अंधार पडेपर्यंत बसलो. हिने तिळगूळ केला होता." त्याने बहिणीकडे पाहिलं. "पोरगी आली नाही. आता तुम्ही सांगा, काहून नाही आली?"

उखर्डूला आजवर वाचकांनी नाना प्रश्न विचारले होते, ब्रूनो कोणत्या जातीचा कुत्रा आहे वगैरे. या प्रश्नावर तो पेपरवेट फिरवू लागला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि त्याने सुटका झाल्यासारखा तो उचलला.

फोन धुळ्याहून होता. गल्लीच्या टोकाच्या एसटीडी बूथवरून भिकुबाई बोलत होत्या, आणि फोनवर त्या नेहमीच गिरणी चालू असल्यासारख्या ओरडून बोलत.

"जावईबापू, तुम्ही धाडेल पोर चांगली शे. संक्रांतनी बठ्ठी गर्दी तिनीच सांभाळी. अजून एक असनी ते धाडा."

हे केबिनमधल्या तिघांनीही ऐकलं. झुंबरबाई उभी राहिली.

"तुम्ही पाठवली?" वना नानाने अगदी हळू विचारलं.

"शपथ घेतो, मी नाही पाठवली," उखर्डू म्हणाला. "मी फक्त पत्ता लिहिला होता."

त्याने छगनला माईकपाशी बसवलं, छगनची ती कित्येक वर्षांची इच्छा होती, आणि मिळाली त्या धुळ्याच्या गाडीत तिघं बसले. एरंडोलच्या पुढे वना नानाने पुस्तक उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथं लिव्हलंय, 'बाप दगडासारखा बसून राहिला.' तो काहीच बोलत नाही का पूर्ण पुस्तकात?"

"शेवटी बोलतो ना, पानभर."

"ते काही बोलणं न्हाई. ते भाषण आहे."

पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा झुंबरबाईने केळी घेतली आणि उखर्डूला सोडून दोघांत वाटून खाल्ली.

सातव्या गल्लीत हिरव्या दरवाज्याशी डब्यांची रांग लागली होती. वीज गेलेली असल्यामुळे गिरणी बंद होती आणि बायका ओट्यावर बसून वाट बघत होत्या. आत कोकिळा होती. भुवया, पापण्या, वेणी, सगळं पिठाने पांढरं. बापाला बघून ती उठली, पण पुढे आली नाही. भिकुबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बाप का तुना?" त्यांनी कोकिळेला विचारलं. "उनी तैपासून ईचारी राहिनू. बठ्ठं सांगस ही पोर, बापनं नाव सांगत नही." पोर आल्या दिवसापासून त्या तिला विचारत होत्या, पुस्तकातल्या आजीसारख्या नव्हत्या.

"घरी चाल," वना नाना म्हणाला.

"नाही येणार, आप्पा."

"पुस्तकात ती येते."

"पुस्तकात येते ते खोटं आहे." कोकिळेने उखर्डूकडे बोट केलं. "यांना विचारा. सगळं पुस्तक आम्ही बोलतो तसं बोलतं, आणि शेवटचं प्रकरण शाळेच्या प्रार्थनेसारखं बोलतं. ते यांनी मनापासून लिहिलेलंच नाही."

ओट्यावरच्या बायकांनी डबे बाजूला सारले आणि आत माना घातल्या. वना नाना उखर्डूकडे वळला. "खरं का हे?"

समीक्षकांनी उखर्डूवर चार ओळी कधी लिहिल्या नव्हत्या, आणि इथं पिठाच्या गिरणीत, सासूच्या देखत, त्याचं पुस्तक उलटंसुलटं तपासलं जात होतं.

"खरं आहे," तो म्हणाला. "प्रकाशकांनी मागितलं म्हणून लिहिलं. माझा शेवट वेगळा होता."

"काय व्हता?"

उखर्डूने सांगितला. शकू शिकत राहते. एक दिवस बाप धुळ्याला येतो, पांढऱ्या साडीतल्या पोरीकडे लांबून बघतो आणि काही न बोलता परत जातो. सांगताना तो जरा रंगातच आला, कारण तो शेवट त्याला फार आवडत असे.

वना नानाने नीट ऐकून घेतलं. "हाही खोटा," तो म्हणाला. "एवढ्या दूर आलेला बाप न बोलता जाईल? भाड्याचे पैसे काय झाडाला लागले?"

रांगेतली एक बाई हसली. भिकुबाईंनी तिला डोळे दाखवले.

"आणि मला नर्स नाही व्हायचं," कोकिळा मध्येच म्हणाली. "मला रक्त बघवत नाही."

"मग काय व्हायचं तुले?" झुंबरबाई आता पुढे झाली. "कलेक्टर? काहीतरी व्हायचं असंल म्हणूनच पळाली ना?"

कोकिळेने भुवयांवरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "मला काय व्हायचंय ते मला अजून माहीत नाही, आत्या. बारावीचा पेपर द्यायचाय एवढं माहीत आहे. पुढचं कळेपर्यंत लग्न नको."

उखर्डू बघतच राहिला. त्याच्या प्रत्येक पुस्तकातल्या प्रत्येक पोराला पहिल्या पानापासून काय व्हायचं ते पाठ असे. कोणी पायलट, कोणी डॉक्टर, मृण्मयी तर शास्त्रज्ञ होणार होती. काही ठरलेलं नाही आणि तरीही पाय रोवून उभी आहे, अशी पोरगी त्याला कधी सुचली नव्हती. शकूच्या वेळीही त्याने तिच्या हातात नर्सची टोपी कोंबली होती, पळून जायला तेवढं तरी कारण हवं म्हणून.

त्यानंतर जे झालं ते कोणत्याही शेवटात बसण्यासारखं नव्हतं. वना नाना ओरडला. कोकिळाही ओरडली, ती रडली नाही. झुंबरबाईने लेखक, सुरतेचं स्थळ आणि स्वतःचं नशीब यांचा एका दमात उद्धार केला. भिकुबाईंनी सगळ्यांना चहा केला आणि वना नानाला घराण्यापासून कपाशीच्या भावापर्यंत इतके प्रश्न विचारले की तो हळूहळू ओरडायचा थांबला. मध्येच वीज आली. गिरणी सुरू झाली, कोकिळा सवयीने डबा ओतायला गेली, आणि जात्याच्या आवाजात पुढचं भांडण कोणालाच ऐकू येईना.

सुरतेकडच्यांना पोरगी घरात नाही याचा वास लागला होता. त्यांनी नकार कळवला तो वना नाना पहूरला पोचायच्या आधीच. झुंबरबाई आठवडाभर अंथरुणावर पडून राहिली. कोकिळा बापाबरोबर परत आली, पण पाय-बिय कोणी धरले नाहीत. पास चालू होईल या अटीवर आली, आणि पुढच्या आठवड्यात खिडकीखालच्या बाकड्यावर अकाउंट्सचं पुस्तक उघडून बसली. बारावीला तिला बरे मार्क पडले. पुढे ती बी.कॉम. झाली, जामनेरच्या एका पतपेढीत लागली, आणि मग स्वतः बघून, चार मुलं नाकारून, लग्नही केलं. कादंबऱ्या वाचायला तिला वेळ नसतो.

जामनेर तालुक्यातल्या दोन-चार शाळांनी 'शकू परत आली' कपाटातून काढलं. त्यामुळे ते जास्तच वाचलं गेलं. प्रकाशकांनी 'शकूचं लग्न' लिहून मागितलं. उखर्डूने त्याऐवजी एक अशी कादंबरी पाठवली जिच्यातल्या मुलीला काय व्हायचं ते दोनशे पानांत कळत नाही. ती साभार परत आली. धुळ्याच्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसने ती छापली. त्यांना सवय नसल्यामुळे पहिल्या पानावर वर गणपती आला.

वना नानाला मात्र ते पुस्तक सुटलं नाही. बाजाराच्या निमित्ताने जळगावला आला की तो केबिनमध्ये येई, स्टुलावर बसे आणि विचारी, "नव्यात बाप बोलतो का?"

"थोडं थोडं."

"बोलू द्या."

एका दुपारी गाड्या उशिरा होत्या. वना नाना बाहेर पासवाल्या पोरांकडे बघत बसला होता. अचानक म्हणाला, "मीबी पळालो व्हतो. पंधरा वर्षांचा व्हतो. बापाने बैलाच्या दोरीने मारलं म्हणून सुरतेले पळालो. मिलमध्ये लागलो. तिथं एक पोरगी रोज मले डब्यातलं लोणचं द्यायची."

"मग?" उखर्डूने विचारलं.

"मग काय. बाप घ्यायला आला. काही बोलला न्हाई, तसाच परत गेला." वना नानाने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुमच्या त्या शेवटासारखंच व्हतं ते. पण मी तवा तुमच्यासमोर कबूल करणार व्हतो काय?"

उखर्डूने कागद पुढे ओढला. भुसावळची गाडी येऊन फलाटावर उभी होती, लोक वर बघत होते, पण त्याने छगनला माईक सांभाळ म्हणून हात केला आणि विचारलं, "लोणचं कशाचं होतं, नाना?"

"करवंदाचं," वना नाना म्हणाला, आणि सांगायला लागला.